मेलेल्याचा आकडा

ही हकीकत मी चाळीस वर्षं टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, आणि ती गेली. मुलं जुन्या नोकरीच्या गोष्टी विचारायची तेव्हा अस्वलाची सांगितली, पुरात अडकलेल्या एसटीची सांगितली, ही तेवढी सोडून. मध्ये दोनदा वही घेऊन बसलो. दोन्ही वेळा पहिल्याच पानावर माझी बाजू मांडायला लागलो, म्हणून पान फाडलं. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, हात अजून स्थिर आहे. ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांच्यातलं कोणी हे वाचणार नाही. तरी लिहितो. निदान एका दवाखान्यावर मी घातलेला आळ तरी जावा.

गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचंही नाही. सगळं ज्या एका नावावरून घडलं तेही नाही. ते नाव तिथल्या एका घरात अजून चालू आहे आणि माझ्या हातून त्याचं एकदा वाटोळं झालं, तेवढं पुरे.

चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला, त्यानंतर वर्षभरात माझी तिकडच्या जंगलातल्या एका गावी बदली झाली. मी गोंडपिपरीकडचा. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं होतं. चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा, मातीच्या भिंती, वर कौलं. त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात पोस्ट. त्या काळी आडगावात शिकलेला माणूस एकच असायचा, तो म्हणजे मास्तर, त्यामुळे पोस्टाचं कामही त्याच्याकडेच यायचं. आठवड्यातून दोनदा डाकवाला सायकलवर थैला घेऊन यायचा. मी शिक्का मारायचो, कागद वाटायचो, आणि ज्याचा कागद त्याला वाचूनही दाखवायचो. कोणाला वाचता येत नव्हतं. कोणता कागद कोणाचा, हे मी म्हणेन तेच.

आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांचं जुनं नाव गावानं ठेवलेलं होतं, कचऱ्यावरून. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते टाकलं आणि स्वतःला नवं नाव दिलं. त्यानंतर कोणी जुन्या नावानं हाक मारली तर ते मान वळवत नसत. माणसाला काय म्हणायचं हे दुसऱ्यानं ठरवू नये, ही गोष्ट मी पुस्तकात नाही, घरात शिकलो होतो. म्हणून पुढचं जास्त लागतं.

ती गोंडांची वस्ती. मेलेल्या आजाचं नाव नातवाला द्यायची रीत. आजा परत आला असं समजायचे, पोराच्या अंगावर त्याची खूण शोधायचे, आणि सापडायचीही. एका आजाचे तीन मुलगे होते. तो वारल्यावर तिघांच्या घरी थोड्या थोड्या वर्षांनी पहिला मुलगा झाला आणि तिघांनाही आजाचंच नाव मिळालं. आजा तीन घरांत परत आला यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. आडनाव अर्थातच एक. मी गेलो तेव्हा ते तिघं चुलतभाऊ बायकामुलांचे झाले होते. सर्वांत मोठा पंचेचाळिशीचा, भारदस्त, पंचायतीत बोलणारा. मधला किरकोळ अंगाचा, सदा खोकणारा. धाकटा तिशीचा, बांबू तोडणारा, आणि गावातला सर्वांत थट्टेखोर माणूस.

मी तेव्हा बाहेरून बी.ए. करत होतो. इतिहास विषय, युरोपचा पेपर. त्या पेपरात राजेच राजे, आणि नावं मात्र मोजकी. चार्ल्स, हेन्री, विल्यम, फ्रान्समध्ये लुई. मी ओट्यावर येरझाऱ्या घालत मोठ्यानं घोकायचो. एका डाकेच्या दिवशी ते तिघं थैल्याची वाट बघत बसले होते.

धाकटा म्हणाला, "एकच नाव किती डाव घेता गुरुजी? भूत उतरवून राह्यले काय?"

"राजाचं नाव आहे. एका देशात लुई नावाचे अठरा राजे झाले."

"अठराही एकाच डावी जित्ते?"

"नाही रे. एक गेला की पुढचा."

"मंग वळखत कसे?"

"आकड्यानं. पहिला लुई, दुसरा लुई, तिसरा लुई."

मोठा पान जुळवत होता. तो न पाहता म्हणाला, "राजे तर आमचेच होते, गुरुजी. चांद्याचा परकोट कोनं बांधला? तुमच्या लुईनं काय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग धाकटा म्हणाला, "थे एकामागं एक होऊन गेले तरी त्याईले आकडे. आमी तिघंही जित्ते हावो, आमाले कोनी आकडा नाई देला."

मी लगेच दिला. वयाप्रमाणे मोठा पहिला, मधला दुसरा, धाकटा तिसरा. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं. मी त्यांना नियमही सांगितले, कारण परीक्षेसाठी ते मला पाठ होते. एकटाच असेल तर राजाला कोणी पहिला म्हणत नाही, दुसरा आल्यावर तो पहिला होतो. आणि राजा मेला तरी त्याचा आकडा त्याचाच राहतो. सोळाव्या लुईची मान कापली. त्याचा मुलगा कैदेतच वारला, एक दिवसही राज्य केलं नाही, तरी त्याचा सतरा आकडा राखून ठेवला. पुढे जो आला तो अठरावा.

तिसरा, आता त्याला तिसराच म्हणतो, विचारात पडला. "गादीवर बसलाच नाई, त्याचाही ठेवला? आमच्यात पंगतीतून एक उठला का बाकीचे सरकून बसतेत."

"राजांचं तसं नसतं. आकडा हलत नाही."

"मेलेल्यानं आकडा घेऊन करावं काय पन?"

मी म्हणालो, "त्यालाच इतिहास म्हणतात."

थोड्या दिवसांनी त्यानं मला बांबूच्या कामट्यांचं एक फडताळ करून दिलं, पत्रं ठेवायला. खालच्या ओळीत तीन खण खास त्यांचे. मी खडूनं त्यावर एक, दोन, तीन लिहिलं. तिघंही आकडे ओळखायला शिकले. माझ्या शाळेत प्रौढांनी शिकलेली तेवढीच अक्षरं.

त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या दवाखान्याची जीप आली. खोकणाऱ्यांची थुंकी तपासायला न्यायची होती. आधी गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांची यादी मागवली होती, ती मी केली. सरकारी कागदात माणसाच्या नावापुढे बापाचं नाव लावतात. तसं लावलं असतं तर तिघं सहज वेगळे झाले असते, तिघांचे बाप वेगळे होते. मी बापाच्या जागी कंसात आकडा लिहिला. नीट दिसत होतं. कंपाउंडर हसला, म्हणाला, "गुरुजी, हे बरं केलं तुम्ही," आणि त्यानं आपल्या वहीत तसंच उतरवून घेतलं.

तिघांपैकी दुसऱ्यानंच थुंकी दिली. तिसरा तेव्हा ठणठणीत होता. तो दुसऱ्याला चिडवत होता, "डबीत थुकाले एवढा दम लागते काय बे?"

मग पावसाळा लागला. नाल्यांना पाणी चढलं की डाक पंधरा-पंधरा दिवस यायची नाही. दुसऱ्याचा कागद आला नाही. श्रावणात त्याला हिवताप भरला आणि आठ दिवसांत तो गेला. त्याच्या खोकल्याचं काय होतं ते कधीच कळलं नाही.

दिवस झाल्यावर तिसरा पोस्टात आला. फडताळापुढे उभा राहून मधल्या खणावर बोट ठेवून म्हणाला, "गुरुजी, आता हा माझा. लोकं मले दुसरा म्हनून राह्यले."

मी म्हणालो, "तू तिसराच. तो खण त्याचा."

"थो तर गेला."

"आकडा हलत नाही, सांगितलं होतं ना."

तो हसला नाही. "तुमच्या लुईचं आमाले काऊन लावता जी," एवढं म्हणून गेला. गावात त्याला सगळे दुसराच म्हणू लागले. मला ते ऐकू येत होतं. पोरं वर्गात म्हणायची तेव्हा मी त्यांना दुरुस्त करायचो. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पोळा झाला आणि तिसरा खोकायला लागला. आधी वाटलं, सर्दी. मग तो आटत गेला. दसऱ्याच्या सुमारास पहाटे निघून सडकेपर्यंत चालत गेला, एसटीनं तालुक्याला पोचला, दुसऱ्या दिवशी परत आला. मीच त्याला जायला सांगितलं होतं. येताच ओट्यावर आला.

"थुकी घेतली. डाक्टर म्हने, रोग असंल त कागद येईल. कागद घेऊन ये, वरीसभर औषध, सगळं फुकट. रोग नसंल त कागद नाई येनार, उगाच खेटा नको घालू."

"नाव नीट सांगितलंस ना?"

"सांगतलं. थो वही पाहून म्हने, या नावाचे तिघं हायेत तुमच्या गावी, तू कोनता? म्या सांगतलं."

कोणता सांगितलंस, हे मी विचारलं नाही. माझ्या लेखी तो तिसरा होता.

तेव्हापासून तो प्रत्येक डाकेला यायचा. त्याची बायको मागं उभी राहायची, पदर तोंडाला लावून. त्यांच्या घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. कागद आला तर तो जगणार होता, इतकं साधं होतं ते. आणि कागद नाही आला तर रोगच नाही, म्हणजे तरीही जगणार होता. दोन्हीकडून बरंच होतं.

दिवाळीच्या आधी थैला आला. माझी परीक्षा महिन्यावर आली होती, मांडीवर पुस्तक उघडं होतं. तिसरा समोर ओट्यावर बसला होता, फडक्यात सीताफळं बांधून आणली होती. थैल्यात दवाखान्याचा छापील कागद होता. नाव, आडनाव, गाव. कंसात: दुसरा. खाली लिहिलं होतं, क्षयाचे जंतू आढळले, उपचारासाठी ताबडतोब हजर राहावे.

मला वाटलं, हा उन्हाळ्यातला. पावसात कुठं तरी अडकलेला, आता आला. दुसरा जाऊन तीन महिने झालेले. त्याच्या बायकोला आता हे सांगून रडवायचं कशाला, असाही विचार केला. दयाळूपणानं केला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख होती. मी पोरांना सनावळ्या चुकल्या म्हणून छड्या मारणारा मास्तर. नावापासून पाच बोटांवर असलेल्या त्या तारखेकडे मी पाहिलं नाही. लाल शाईनं त्यावर लिहिलं, "मयत. परत." शिक्का मारला आणि जाणाऱ्या डाकेत टाकला.

"माझा कागद, गुरुजी?"

"नाही."

"हा कोनाचा होता?"

"तुझा नाही."

त्यानं सुस्कारा सोडला. "मंग मी बरा हावो म्हना."

"कागद नाही म्हणजे रोग नाही. कफ असेल. आल्याचा काढा घे."

"आयकलं काय वो?" तो मागे वळून बायकोला म्हणाला. "गुरुजी म्हनून राह्यले, रोग नाई." मग उठला आणि सीताफळं त्यानं मधल्या खणात ठेवली. "इथी ठेवतो. हा तुमच्या राजाचा रिकामाच हाये." हसताना त्याला उबळ आली, खांबाला धरून तो बराच वेळ खोकला. डाकवाला थैला घेऊन निघाला तेव्हा तो अजून खोकत होता. सायकल त्याच्या अंगावरून गेली म्हणावं इतक्या जवळून गेली.

हिवाळ्यात तो बांबू तोडायला गेला. बरा आहे म्हटल्यावर घरी कसा बसेल? पौषात रक्त पडलं. बायको दोनदा आली.

"गुरुजी, कागद आला काय जी?"

"नाही आला, बाई."

"आनखी एक डाव पाहा ना थैला."

मी तिच्यासमोर थैला उलटा करून झटकला. दोन्ही वेळा. परत दवाखान्यात ने, असं मीही म्हटलं, पण तोवर त्याला सडकेपर्यंत चालवत नव्हतं. खाटेवर न्यायचं ठरलं, पण त्याला चार माणसं लागत होती, आणि मोहाचा हंगाम सुरू होऊन सगळं गाव रानात होतं. फुलं वेचून संपायच्या आत तो गेला.

दहा-बारा दिवसांनी त्याची बायको त्याचा केसपेपर घेऊन आली. मृत्यूची नोंद करायला काही कागद लागतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. आढ्याच्या बांबूत खोचून ठेवलेला, धुरानं पिवळा पडलेला. मी उलगडला. दसऱ्याच्या वेळची तारीख. नाव, आडनाव, गाव. कंसात: दुसरा.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. वाचता येत नसलेली माणसं वाचणाऱ्याचं तोंड वाचतात, हे मला पोस्टानं शिकवलं होतं. मी कागदावरून नजर वर केली नाही.

ती म्हणाली, "काय लिवलं हाये, गुरुजी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं. मी म्हणालो, "थुंकी घेतल्याचं लिहिलं आहे. दवाखान्यानं पुढे कागदच पाठवला नाही."

हे खोटं मी त्या ओट्यावर बोललो आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पहिला संतापला. दवाखान्यात जाऊन जाब विचारतो म्हणाला. मी त्याला थांबवलं. गेला असता तर त्यांनी माझ्या लाल शाईचा कागद काढून दाखवला असता. मी म्हणालो, "भाऊ, माणूस तर गेला. आता भांडून काय?" त्याला माझा समजूतदारपणा वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात जीप आली तेव्हा कोणी थुंकी दिली नाही. डब्या तशाच परत गेल्या. कंपाउंडर मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगा यांना, तुमचं ऐकतात." पहिला माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी काय सांगतीन? त्याईनंच तर पाह्यलं. तुमचा कागद येतच नाई." कंपाउंडरनं माझ्याकडे पाहिलं. परत गेलेला कागद त्याच्याच हातात पडला असणार, पण माझ्या शेऱ्यावरून त्याच्या वहीत दुसरा मयत लागला होता, आणि दुसरा खरंच मेला होता. गावात कोणालाही विचारलं असतं तरी माझं लिहिणं जुळलं असतं. त्याला शंका यायचं कारण नव्हतं. मी रिकाम्या डब्या जीपमध्ये ठेवायला त्याला मदत केली.

त्यानंतरच्या वर्षांत तिथं खोकल्यानं आणखी माणसं गेली. किती, ते मी मोजलं नाही. त्यात पहिला होता, हे मला बदलीनंतर कळलं. ती सगळी माझ्या खात्यावर आहेत की नाहीत याचा विचार मी फार केला आणि मला वाटतं, आहेत.

मी बी.ए. झालो. युरोपच्या पेपरात चांगले गुण पडले. हायस्कूलवर बदली झाली, पुढं वीस-बावीस वर्षं नववीला इतिहास शिकवला. सोळाव्यापर्यंत नीट शिकवायचो. सतराव्याबद्दल मुलांनी विचारलं की सर, मधला कुठं गेला, तर म्हणायचो, पुस्तकात पाहा.

निवृत्त झाल्यावर एकदा गेलो. आता थेट गावापर्यंत डांबरी सडक आहे, एसटी जाते. वाक्य ठरवून गेलो होतो. त्यांच्याच बोलीत ठरवलं होतं, म्हणजे तिला अर्थ विचारावा लागू नये. बसमध्ये पुन्हा पुन्हा ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, जसं एकेकाळी लुई घोकायचो तसं.

शाळेची नवी इमारत झाली होती. त्याचं घर जिथल्या तिथं. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. डोळ्यांवर हात धरून तिनं पाहिलं.

"लुईवाले गुरुजी हावो ना तुमी?"

खाट टाकली, पाणी दिलं. माझ्या केसांवर हसली, स्वतःच्या दातांवर हसली. मग आत जाऊन नातवाला कडेवर घेऊन आली. वर्षभराचं बाळ. त्याची पाठ माझ्याकडे वळवून खांद्याखालचा काळा डाग दाखवला.

"पाहा, तोच. आला परत. नावही तेच ठेवलं." मग म्हणाली, "गुरुजी, याचा आकडा किती?"

पहिला गेला होता, दुसरा गेला होता, तिचा माणूस गेला होता. माझ्या हिशेबानं तो चौथा.

मी म्हणालो, "गावात आता या नावाचा एकटाच आहे ना? एकटा असला की आकडा लावत नाहीत."

तिला ते आवडलं. बाळाला हलवत म्हणाली, "आयकलं? तुले आकडा नाई." मग माझ्याकडे वळून, "तुमी किती डाव थैला झटकून पाह्यला होता, गुरुजी. माह्या ध्यानात हाये. दवाखानेवाल्यानं धोका देला, पन तुमी पाह्यला. दुसरा कोनी मास्तर असता त हाकललं असतं."

मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवला. ती वाटीत भाजलेली मोहफुलं घेऊन आली, ती खाल्ली. बसचा हॉर्न वाजला तेव्हा ती म्हणाली, "या आनखी." मी "येतो" म्हणालो. पुढच्या वर्षी ती गेल्याचं ऐकलं.

जे घोकून गेलो होतो ते असं होतं. बाई, दवाखान्यानं कागद पाठोला होता. थो माह्या हातात आलता. म्या त्याच्यावर मयत लिवलं, अन तवा तुहा मानूस माह्या समोर वट्यावर बसून होता, जित्ता. मले माफ कर.